अणुभट्टी पाहावी बांधून!

घर पाहावं बांधून नि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ज्या मैत्रिणीने स्वतःचं चार खोल्यांचं घर बांधून घेतलं आहे तिला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ठेकेदार म्हणतो दिवाळीला वास्तुशांत करा, आणि प्रत्यक्षात पुढच्या दिवाळीलाही सेंट्रिंगच्या फळ्या निघालेल्या नसतात. पण हीच रड फ्रान्स-अमेरिकेसारख्या श्रीमंत देशांची असेल, आणि तीही अणुवीज केंद्रांच्या बाबतीत, हे वाचून नवल वाटेल!

फ्रान्समध्ये समुद्रकाठी फ्लामानव्हिल नावाचं गाव आहे. तिथे २००७ च्या डिसेंबरात नव्या अणुभट्टीचं काँक्रीट पडलं. पाच वर्षांत वीज मिळणार, खर्च ३.३ अब्ज युरो, असा अंदाज होता. वीज आली २०२४ च्या डिसेंबरात. म्हणजे पायाभरणीच्या वर्षी जन्मलेलं मूल तोवर कॉलेजात गेलं. खर्च? १३.२ अब्ज, म्हणजे चौपट. फिनलंडमधल्या ओल्किलुओटोची तीच कथा. तिथे २००५ साली काम सुरू झालं, २००९ चा वायदा होता, आणि नियमित वीज मिळू लागली ती २०२३ च्या एप्रिलात.

असं का व्हावं? एक कारण तर आपल्या अगदी ओळखीचं. नकाशे पुरते तयार नसतानाच पाया खणायचा, नि मग "ही भिंत इथे नको, तिकडे घ्या" करत बसायचं. दुसरं कारण, हात मोडलेला असणं. १९७३ मध्ये तेल भडकल्यावर फ्रान्सने पंधरा-वीस वर्षांत पन्नासावर भट्ट्या उभ्या केल्या होत्या. मग मागणी थंडावली, त्यात १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडचा नि १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला. काम मिळेना तसे जुने कारागीर निवृत्त झाले. वर्षानुवर्षं चकलीचा सोऱ्या हातात न धरलेल्या बाईला एकदम शंभर माणसांच्या चकल्या करायला सांगितलं, तर पहिले दोन घाणे बिघडायचेच. फ्लामानव्हिलला भट्टीच्या झाकणाच्या पोलादात कार्बन जास्त निघाला, नळांचे सांधे परीक्षेत उतरले नाहीत. त्यातले आठ तर भिंतीच्या पोटात होते, तेही उकलून पुन्हा जोडावे लागले. इथे मात्र मी तपासनिसांच्या बाजूची आहे. अणुभट्टीत "चालतंय तेवढं" म्हणून भागत नाही.

आणि तिसरं कारण म्हणजे व्याज. केंद्र पुरं होऊन विजेचं पहिलं युनिट विकलं जाईपर्यंत छदामही परत येत नाही, पण कर्जाचं मीटर रात्रंदिवस फिरतंच. आपल्या घराचा हप्ता सुरू नि राहायला मात्र भाड्याची खोली, त्यातलाच हा प्रकार.

हे पैसे शेवटी भरतं कोण? अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात व्होग्टल इथे दोन नव्या भट्ट्या २०२३ आणि २०२४ मध्ये सुरू झाल्या. अंदाज होता सुमारे १४ अब्ज डॉलरचा, खर्च ३० अब्जांच्या वर गेला. तिथल्या गृहिणींच्या वीजबिलात २०११ पासूनच बांधकामासाठी वेगळा आकार लावलेला होता. आपल्या बिलावर स्थिर आकार, वहन आकार असतो ना, तसाच! पण निदान त्यांना वीज तरी मिळाली. शेजारच्या साऊथ कॅरोलायनात दोन भट्ट्यांसाठी ग्राहकांचे दर नऊ वेळा वाढवले गेले. भट्ट्यांची रचना करणारी वेस्टिंगहाऊस कंपनी २०१७ च्या मार्चमध्ये दिवाळखोरीत गेली, आणि जुलैअखेर काम अर्ध्यावर सोडून देण्यात आलं. सुमारे ९ अब्ज डॉलर मातीत. त्या वीज कंपनीचे प्रमुख केव्हिन मार्श यांना काम कसं चाललंय याबद्दल लोकांची फसवणूक केल्याबद्दल २०२१ साली दोन वर्षांची शिक्षा झाली. अलीकडे तीच अर्धवट कामं पुरी करायची बोलणी निघाली आहेत.

सगळीकडे असंच आहे का? मुळीच नाही. जगात आज चारशेहून अधिक भट्ट्या चालू आहेत, साठाच्या आसपास बांधल्या जाताहेत, आणि त्यातल्या निम्म्याच्या जवळपास एकट्या चीनमध्ये. तिथे एक भट्टी पाच-सहा वर्षांत उभी राहते, कारण हात चालू आहे. फ्लामानव्हिलच्याच जातीच्या दोन भट्ट्या चीनने तैशान इथे फ्रान्सनंतर सुरू करून २०१८ आणि २०१९ मध्ये पुऱ्याही केल्या. कोरियाने वाळवंटात, बराकाह इथे, एकाच नमुन्याच्या चार भट्ट्या ओळीने बांधून दिल्या. तुर्कस्थान, इजिप्त आणि बांगलादेशात रशियाचं काम चालू आहे. जर्मनीने मात्र २०२३ च्या एप्रिलमध्ये आपल्या शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या.

आपलं तारापूर १९६४ ते १९६९ अशा पाच वर्षांत उभं राहिलं होतं, हे आज सांगितलं तर खोटं वाटेल. आता प्रश्न आहे जैतापूरचा. रत्नागिरी जिल्ह्यात माडबनला सहा भट्ट्यांचं केंद्र योजलं आहे, आणि त्या भट्ट्या आहेत नेमक्या फ्लामानव्हिलच्या जातीच्या. २०१० मध्ये करार झाला. आंबा-मासळीवर जगणाऱ्या गावांनी कडाडून विरोध केला, २०११ च्या एप्रिलात गोळीबारात एकाचा जीव गेला. जमिनी घेतल्या गेल्या, भट्ट्यांचं बांधकाम अजून सुरूही नाही. भीती किती खरी, किती खोटी, यावर सभांतून पुष्कळ बोललं गेलं. पण एक भट्टी केवढ्याला पडणार, युनिट किती रुपयांना मिळणार, आणि उशीर झाला तर वाढीव खर्च फ्रेंच कंपनीच्या अंगावर की आपल्या बिलावर, हे हळदीकुंकवाला भेटलेल्या आमदार-खासदारांना आपणही विचारायला हरकत नाही.