खानदेशातील बालकांचे पहिले विज्ञान

केळीच्या पट्ट्यातील कोणत्याही प्राथमिक शाळेत घडू शकेल असा एक प्रसंग आहे. तिसरीचा वर्ग. झाड कशापासून उगवते, असा प्रश्न गुरुजींनी विचारला आहे आणि त्यांना हवे असलेले उत्तर आहे, "बीपासून". यावल-रावेरकडील एखादा मुलगा उभा राहून सांगतो, "कंदापासून." गुरुजी क्षणभर थांबतात, दुसऱ्या मुलाकडे वळतात आणि अपेक्षित उत्तर फळ्यावर लिहून मोकळे होतात. वस्तुतः त्या मुलाने चूक केलेली नसते. बापाच्या बागेत जे डोळ्यांनी पाहिले, तेच त्याने सांगितलेले असते. परंतु शेतात दिसते ते एक आणि शाळेत लिहावयाचे ते दुसरे, ही गोष्ट त्या दिवशी त्याच्या मनात कायमची ठसते. पुढे तो विज्ञानात नापास झाला तर आपण त्याच्या बुद्धीला दोष देतो.

त्या एका उत्तरात किती विज्ञान दडलेले होते, हे पाहण्यासारखे आहे. लागवडीच्या केळीला रुजण्याजोगे बी नसते. फळात दिसणारे बारीक काळे ठिपके म्हणजे वाढ न झालेल्या बीजांचे अवशेष होत. जमिनीवर उभे असते ते खोडही खरे खोड नव्हे. ती पानांच्या तळाची एकावर एक बसलेली घट्ट गुंडाळी असते. खरे खोड मातीखाली असते आणि तोच कंद. घड कापला की ते झाड संपते, पण कंदाला फुटलेली पिले पुढच्या वर्षी पिलबाग उभी करतात. मृगबाग कोणता आणि कांदेबाग कोणता, हे या मुलांना अक्षरओळखीच्या आधी ठाऊक असते. आजचा एखादा मुलगा तर "पिशवीतून" असेही उत्तर देईल, कारण ऊतिसंवर्धनाने प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे तो पिशव्यांतून बांधावर येताना पाहतो. बी, कंद आणि पिशवी ही तिन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली असती आणि कपाशीला सरकी लागते मग केळीला का नाही, एवढेच विचारले असते, तर तो तास वाया गेला नसता.

प्राथमिक इयत्तांतील विज्ञान मुलाच्या परिसराभोवती गुंफावे, हा विचार काही नवा नाही. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात तो मांडला. १९७५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने लहान मुलांसाठी परिसर अभ्यासाचा पुरस्कार केला. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाने तर तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्यासाठी वेगळे काढले. ही मोठीच गोष्ट होती. परंतु पुस्तकावर जिल्ह्याचे नाव आले म्हणून त्यातील प्रश्नाला मुलाचे उत्तर चालू लागले, असे झाले नाही.

या प्रश्नाचा शोध खुद्द जळगाव जिल्ह्यातच एकदा घेतला गेला होता, हे आज फार थोड्यांना आठवत असेल. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले आणि सत्तरीच्या दशकातच या केंद्राने आपल्या आरंभीच्या ग्रामीण प्रकल्पासाठी रावेर तालुक्यातील खिरोदा निवडले. धनाजी नाना चौधरींचे हे गाव. ज्या फैजपुरात १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, त्याच्याच परिसरातले. मोठ्या प्रयोगशाळांतून वावरणारे शास्त्रज्ञ खेड्यातल्या शाळांमध्ये आले आणि विज्ञान कुठे अडते, याचा शोध घेऊ लागले. साहित्य नाही, खोल्या नाहीत, शिक्षक कमी, ही कारणे कोणीही सांगितली असती. केंद्राचे धुरीण डॉ. वि. गो. कुलकर्णी यांनी मात्र आणखी एका अडसरावर बोट ठेवले. तो अडसर भाषेचा होता. पुस्तकाची मराठी ही त्या मुलांची मराठी नव्हे. कल्पना समजण्याच्या आधीच मूल वाक्यात अडखळते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भाषेच्या या अडसराविषयीचे आपले निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. भाषा सोपी केली की तीच मुले विज्ञानात पुढे सरकतात, हे त्यांचे सांगणे होते.

त्याच सुमारास सातपुड्यापलीकडे होशंगाबाद जिल्ह्यात (आजचे नर्मदापुरम) सोळा माध्यमिक शाळांतून १९७२ मध्ये प्रयोगनिष्ठ विज्ञानशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला होता. तो पुढे पुष्कळ वाढला आणि २००२ मध्ये सरकारी आदेशाने बंद पडला. त्याच्यावर ग्रंथ लिहिले गेले, देशभर चर्चा झाली. खिरोद्याचे नाव त्या मानाने मागे पडले. आपल्याकडच्या गोष्टी आपणच विसरण्याची ही खोड जुनी आहे.

भाषेचा अडसर खानदेशात किती थरांचा आहे, हे बाहेरच्यास चटकन कळत नाही. रावेर-यावलकडे लेवा बोली, अमळनेर-चाळीसगावपासून धुळ्यापर्यंत अहिराणी, चोपडा-शिरपूरच्या डोंगरपट्टीत पावरी, साक्रीच्या पश्चिमेला भिली आणि कोकणी. मातृभाषेतून शिक्षण, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे. मात्र पावरी बोलणाऱ्या मुलीच्या दृष्टीने 'मराठी माध्यम' हे परभाषेचेच माध्यम असते. आणि त्या परभाषेतही तिला जो शब्द प्रथम पाठ करावा लागतो, तो 'बाष्पीभवन' असा असतो.

याच शब्दाचे उदाहरण घेऊ. "पाण्याचे वाफेत रूपांतर होण्याच्या क्रियेस बाष्पीभवन म्हणतात," हे वाक्य चौथीच्या मुलाने बिनचूक म्हणून दाखवले, तरी त्याला काय समजले असेल? वाफ म्हणजे त्याच्या लेखी चुलीवरच्या पातेल्यातून निघते ती. दोरीवर वाळणाऱ्या धोतरातून तशी वाफ निघताना त्याने कधी पाहिलेली नाही. मग व्याख्या खरी की धोतर खरे? (पातेल्यावर डोळ्यांना दिसते तेही पाण्याचे बारीक थेंबच असतात, खरी वाफ दिसत नाही, ही गोष्ट पुष्कळ मोठ्यांनाही ठाऊक नसते.) जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. अशा गावात एक माठ आणि एक पितळी हंडा सावलीत शेजारी ठेवला, तर दुपारी त्या दोहोंतले पाणी जे शिकवील ते व्याख्येने शिकवता येणार नाही. माठ गार का, हंडा कोमट का? जुन्या, छिद्रे बुजलेल्या माठात पाणी का गार होत नाही? पावसाळ्यात नवा माठही का फसतो? मूल आधी आपल्या बोलीत "पाणी उडाले", "पाणी आटले" असे म्हणेल. म्हणू द्यावे. माठाभोवती चार दिवस घालवल्यावर 'बाष्पीभवन' हा शब्द आला, तर तो त्याला जड जाणार नाही.

या भूमीत हा मार्ग अनोळखी असावयास नको. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ चा शिलालेख सांगतो की, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तेथे मठ स्थापला. त्या भास्कराचार्यांची 'लीलावती' साप आणि मोर, तळ्यातले कमळ आणि वारा यांतूनच गणिते घालते.

तंत्रज्ञान म्हटले की आता शाळेच्या डोळ्यांसमोर पडदा आणि संगणक येतो. ते यावेत, त्याला हरकत नाही. परंतु धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी तीन-चारशे वर्षे चालत आलेली फड पद्धती हेही तंत्रज्ञानच होते, आणि लहान मुलाला पायी चालत जाऊन पाहता येण्याजोगे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि शिवाराचे पाडलेले फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड कोरडे ठेवावयाचे, हे गावाने मिळून ठरवावयाचे. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे. कोठेही इंजिन नाही. केवळ उताराच्या हिशेबाने पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचते. अनेक ठिकाणी ही पद्धत आता मोडकळीस आली असली, तरी पाट आणि बंधारे अजून दिसतात. विश्वेश्वरय्यांनीही तरुणपणी, १८८४ नंतर, याच खानदेशात नोकरी केली आणि पांझरेच्या परिसरात ओढ्यापलीकडे पाणी नेण्यासाठी नळांचा सायफन बांधला. पारदर्शक नळीचा एक तुकडा यू आकारात धरून त्यात पाणी ओतले, तर दोन्ही बाजूंस ते सारख्याच उंचीवर का राहते, हे चौथीच्या मुलाला दाखवता येते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. ठिबकची टाकाऊ नळी प्रत्येक गावात पडलेली असते, पण तिच्यातून आरपार दिसत नाही. एवढ्यापुरती कारागिराची पाणसळ-नळी उसनी आणावी.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. परिसरातले सर्वच खरे असते असे नाही आणि मुलाच्या प्रत्येक अनुभवाला मान डोलावणे म्हणजे विज्ञान शिकवणे नव्हे. सहा-सात वर्षांच्या मुलासमोर एका पसरट भांड्यातले पाणी उंच पेल्यात ओतले, तर ते वाढले असे ते छातीठोकपणे सांगते. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी हे दाखवून दिले त्याला पुष्कळ वर्षे झाली. मोठ्यांचेही तसेच. पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतो, असे सांगणारे शिक्षक आजही भेटतात. वास्तविक वनस्पतींची प्राणवायू सोडण्याची क्रिया प्रकाशावाचून होत नाही. म्हणजे मुलाचे म्हणणे ऐकावयाचे ते खरे मानण्यासाठी नव्हे, तर ते पडताळून पाहण्याची सवय त्याला लागावी म्हणून. "कंदापासून" हे उत्तरही पडताळावेच: कंद उकरून, डोळे पाहून, एक कुंडीत लावून. फळ्यावरचे "बीपासून" हेही त्याच कसोटीला लावावे. दोघांना एकच न्याय हवा.

हे सारे करण्यास शिक्षकाला वेळ कोठे आहे, असा प्रश्न कोणी केला तर तो अप्रस्तुत नाही. दोन वर्ग एका खोलीत आणि दोहोंना मिळून एक शिक्षक, वर माहितीचे तक्ते, शिबिरे, निवडणुकीची कामे. अशा माणसाला व्याख्या लिहून देणे सोयीचे वाटले, तर त्याला नावे ठेवणे सोपे आहे. परीक्षेत व्याख्याच विचारली जाते तोवर तो वेगळे काय करील? तिसरी-चौथीच्या प्रश्नपत्रिकेत "तुमच्या घराजवळ पाहिलेली एक गोष्ट सांगा आणि ती तशी का होते असे तुम्हाला वाटते ते लिहा," असा एक प्रश्न आला आणि बोलीतल्या शब्दासाठी त्यात गुण कापले गेले नाहीत, तर पुष्कळ शिक्षक आपणहून माठ आणि हंडा वर्गात आणतील.

काही गोष्टींना तर शिक्षकही लागत नाही. धुळे आणि जळगाव ही दोन्ही गावे एकविसाव्या अक्षांशाच्या आसपास आहेत. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य त्यांच्या ऐन डोक्यावर येतो: एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि एकदा जुलैच्या मध्यानंतर. जुलैत ढग असतात आणि मे महिन्यात शाळेला सुटी असते. म्हणून सुटीपूर्वीच्या शेवटच्या दिवशी गुरुजींनी किंवा बाईंनी एवढेच सांगावे की, अंगणात एक सरळ काठी रोवा, रोज दुपारी साडेबारापूर्वी थोडा वेळ तिच्याजवळ बसा आणि सावली किती उरली तेथे खडूने खूण करा. सावली कोणत्या दिवशी नाहीशी झाली, ते जूनमध्ये येऊन सांगा.