चित्रीकरणातील सातत्य: नवोदितांसाठी पहिला धडा

चित्रपटातील दृश्ये बहुधा कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. एकाच प्रसंगाचे दोन भाग अनेक दिवसांच्या अंतराने टिपले जातात. पडद्यावर मात्र ते सलग दिसावे लागतात. यालाच सातत्य म्हणतात.

१९५२ मध्ये सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’चे चित्रीकरण काशफुलांनी बहरलेल्या माळावर सुरू केले. आठवड्याने ते परतले, तेव्हा गुरांनी फुले फस्त केली होती. उरलेल्या दृश्यासाठी त्यांना पुढील हंगामापर्यंत थांबावे लागले.

विद्यार्थ्यांना इतकी सवलत क्वचितच मिळते. म्हणून प्रत्येक शॉटनंतर पोशाख, केशरचना, हातातील वस्तू आणि प्रकाशाची दिशा यांची छायाचित्रासह नोंद ठेवावी.

कॅमेऱ्याचेही काही नियम आहेत. संवाद करणाऱ्या दोन पात्रांना जोडणारी काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने ओलांडू नये. अन्यथा दोघेही एकाच दिशेला पाहत असल्याचा भास होतो. त्याच पात्राचा पुढील शॉट घेताना कोन किमान ३० अंशांनी बदलावा. नाहीतर चित्र झटका बसल्यासारखे उडी घेते. पहिल्या शॉटच्या शेवटची हालचाल दुसऱ्याच्या आरंभी पुन्हा करून घ्यावी, म्हणजे संकलकाला अचूक जोड साधता येते.

चित्रीकरणस्थळी राहिलेली उणीव संकलनात सहसा भरून निघत नाही.