अवघडपणा कुणाच्या खात्यावर?

२००० साली आलेला नोकियाचा ३३१० ज्यांनी वापरला, त्यांना ‘स्पेस इम्पॅक्ट’ आठवत असेलच. ८४ बाय ४८ ठिपक्यांचा पडदा, डावीकडे इवलंसं यान, उजवीकडून चालून येणारे शत्रू आणि टप्प्याच्या शेवटी वाट अडवून उभा असलेला धिप्पाड ‘बॉस’. एसटीत, कॉलेजच्या मागच्या बाकावर, लग्नाच्या मांडवात कडेला बसून कितीतरी जणांनी त्याच्याशी झुंज घेतली. ‘पुढे जाताच येत नाही’ ही तक्रार सर्रास ऐकू यायची. पुढे का जाता येत नाही, चूक खेळणाऱ्याची की खेळ बनवणाऱ्याची, याचा शोध घेणारं मराठी लेखन मात्र माझ्या वाचनात आलेलं नाही. अंतराळातल्या गोळीबाराच्या खेळाबद्दल विचारण्यासारखा मुख्य प्रश्न मला हाच वाटतो.

या प्रकाराला अवघडपणा जन्मापासून चिकटला आहे. तोमोहिरो निशिकादो यांच्या १९७८ च्या ‘स्पेस इनव्हेडर्स’मध्ये शत्रू मरत जातात तसे उरलेले अधिक वेगाने सरकू लागतात. हा वेग आधी ठरवलेला नव्हता. पडद्यावर कमी आकृत्या काढायच्या राहिल्या की प्रोसेसरचं काम हलकं होई आणि उरलेल्या आकृत्या झपाट्याने पुढे येत. निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं. हा अवघडपणा यंत्राच्या मर्यादेतून आला, तरी तो न्याय्य आहे. वेग का वाढतोय हे खेळणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं आणि हातही त्याला सरावतो. पुढे आर्केडवाल्यांनी अवघडपणावर धंदा उभा केला, कारण लवकर मेलेलं गिऱ्हाईक पुन्हा नाणं टाकतं. हातातल्या खेळाचे पैसे मात्र एकदाच आणि आधीच दिलेले असतात. तिथे यान वारंवार फुटत असेल, तर त्याला खेळातूनच कारण मिळायला हवं.

ही कसोटी सर्वांत नीट लागली ती ‘इरिडियन ३डी’ला. २००१ मध्ये निन्टेंडोचं गेमबॉय ॲडव्हान्स हे हातात धरून खेळायचं यंत्र अमेरिकेत आलं, त्याच सुमारास हा खेळ आला. बनवणारी शिनेन ही म्युनिकची छोटी कंपनी. मंडळी अमिगा संगणकावरच्या डेमो-सीनमधून आलेली, म्हणजे तुटपुंज्या यंत्राकडून अशक्य वाटणारी दृश्यं काढून घेण्याचा ध्यास असलेली. २४० बाय १६० ठिपक्यांच्या त्या पडद्यावर त्यांनी यानामागून दिसणारं, समोरून वेगाने अंगावर येणारं अवकाश उभं केलं. मान्फ्रेड लिंत्सनर यांचं संगीत त्या चिमुकल्या स्पीकरमधून आश्चर्य वाटावं इतकं भरीव वाजे. समीक्षकांनी दृश्य आणि संगीत या दोन्हींना मनापासून दाद दिली.

आणि मग त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. यान पडद्याच्या पुढच्या भागात असल्यामुळे ज्याच्यावर नेम धरायचा, तो शत्रू बऱ्याचदा त्याच यानाआड जायचा. समोरून येणारी गोळी किती जवळ आली, याचा अंदाज सपाट पडद्यावर लागत नसे. चुकवली असं वाटावं आणि यान फुटावं. त्यात पहिल्या गेमबॉय ॲडव्हान्सच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, त्यामुळे गडद अवकाशातल्या गोळ्या पाहायला दिव्याखाली सरकून बसावं लागे. खेळ कठीण आहे म्हणून समीक्षक चिडले नव्हते. डोळ्याला माहिती द्यायची नाही आणि बोटाला शिक्षा करायची, याला त्यांचा आक्षेप होता. कौतुक आणि आक्षेप एकाच परीक्षणात, एकमेकांना न झाकता मांडलेले आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

२००३ च्या ‘इरिडियन २’मध्ये शिनेनने दृष्टिकोनच बदलला. आता यान वरून, किंचित तिरकं दिसतं. कोणती गोळी कुठून येते आहे ते कळतं, शस्त्रांची निवडही वाढली. खेळ सोपा झाला नाही, पण आता यान का फुटलं हे समजतं. स्वागतही कितीतरी चांगलं झालं. २००५ मध्ये दोन पडद्यांच्या निन्टेंडो डीएसवर याच कंपनीचा ‘नॅनोस्ट्रे’ आला, आणि तिथे वेगळीच अडचण निघाली. शस्त्र बदलायला खालच्या स्पर्शपडद्यावर बोट न्यावं लागे. ऐन गोळ्यांच्या पावसात नजर आणि हात दोन्ही हलवायचे! समीक्षकांनी तेही नोंदवलं. २००८ च्या दुसऱ्या भागात स्पर्शपडद्याची ती सक्ती उरली नाही.

दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणाऱ्या कोपर्निकस मार्गावर गेलं की समीक्षेची ही सगळी गोष्ट मला हटकून आठवते, कारण इतर कलांच्या चर्चेची घरं इथेच आहेत. नाटकांचं कमानी सभागृह या रस्त्यावर आहे. चौकातल्या, हबीब रहमान यांनी रचलेल्या रवींद्र भवनात साहित्य, संगीत-नाटक आणि ललित कला या तिन्ही अकादमी नांदतात. १९५० च्या दशकात देशाने ठरवलं की या कलांना पुरस्कार हवेत, दस्तऐवज हवेत, चर्चा हवी. कमानीत नाटक झालं की बाहेर चहा पिताना लोक दुसऱ्या अंकाच्या रचनेवरून भांडतात. खेळांच्या वाट्याला मात्र ही चर्चा आली नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पात ॲनिमेशन, गेमिंग वगैरेंसाठी कृतिदल जाहीर झालं, मे २०२५ मध्ये मुंबईत मनोरंजन उद्योगाची ‘वेव्हज’ परिषद भरली. त्यात भर रोजगारावर आणि बाजारपेठेवर होता. तो असायलाच हवा. पण खेळ चांगला कशाने होतो, हे सांगणारी माणसं घडवल्याशिवाय नुसता उद्योग किती पुढे जाणार?

अशा चर्चेची गरज दाखवणारं आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं आहे. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला. तो अंतराळातला खेळ नाही. हरवलेल्या भावाला शोधणारी राजी राक्षसांशी लढते आणि तिची कथा दुर्गा आणि विष्णू सांगतात. राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैली, बाहुल्यांच्या सावल्या यांवर जगभरचे समीक्षक लुब्ध झाले. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकनही मिळालं. तरीही त्याच समीक्षकांनी स्पष्ट लिहिलं की लढाई सैल आहे आणि खेळ लवकर, अर्ध्यावर तुटल्यासारखा संपतो. २०२२ मध्ये हिंदी संवाद आणि सुधारणा असलेली नवी आवृत्ती आली. लढाईबद्दलच्या त्या आक्षेपांची बारीक चिकित्सा मी वाचली ती सगळी इंग्रजीत. पुण्यातल्या मुलामुलींनी पुण्यात बसून बनवलेल्या खेळातली राजीची उडी कुठे चुकते आणि का, हे मराठीत तितक्याच बारकाईने लिहिलेलं मला अजून वाचायचं आहे.