गेटच्या आत पडणारा पाऊस

देवपूर, वलवाडीकडे वाढत चाललेल्या धुळ्याच्या नव्या कॉलन्यांत गेटपासून दारापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात. चिखलाचं नाव नको! गच्चीचा पाइप त्या ब्लॉकवरच सुटतो आणि जोराची सर आली की पाणी गेटखालून गटारीत जातं. मग उन्हाळ्यात टँकर बोलवायचा.

100 चौरस मीटर गच्ची आणि हंगामात 500 मिलिमीटर पाऊस धरला, तर 50 हजार लिटर पाणी पडतं. उडालं-सांडलं ते वगळून 40 हजार धरा. अशा 50 घरांचे झाले 20 लाख लिटर, म्हणजे दहा हजारी 200 टँकर.

मेख आहे ती हे पाणी जिरवण्यात. काळी माती भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि वर डबकं साचतं. शोषखड्डा ती माती ओलांडून मुरमापर्यंत गेलाच पाहिजे. मुरमाखालच्या बेसॉल्टमध्ये पाणी राहतं ते भेगा-फटींत. त्यातून धुळे-नंदुरबार हा डाइकचा मुलूख. जमिनीतल्या उभ्या चिरांत शिलारस थिजून कोट्यवधी वर्षांपूर्वी या दगडी भिंती तयार झाल्या. डाइक अखंड असेल तर भूजल अडवतो, भेगाळलेला असेल तर वाहून नेतो. एका प्लॉटात बोअरला पाणी आणि शेजारी नुसता फुफाटा, असं त्यामुळेही होतं. पाणाड्याला नारळ देण्याआधी भूवैज्ञानिकाला गाठावं. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद केले तेही जमिनीचे थर पाहूनच.

गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडताना मध्ये खडी-वाळूची गाळणी हवी आणि पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढून द्यायला हवं. अंगणात गाड्या धुतलेलं पाणी मात्र बोअरमध्ये कधीच जाऊ देऊ नये. ऑइल एकदा खडकात उतरलं की ते काढणार कोण?

गेटच्या आतलं आतच जिरवायचं, हे ओल्या कचऱ्याबाबत तर नियमातच होतं. 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या गेटबंद वसाहतींनी तो शक्यतो आवारातच जिरवावा, असं 2016 चे घनकचरा नियम सांगत होते.

पाणी वाटून घेणंही इथं नवं नाही. पांझरा नदीवरच्या फडांत, म्हणजे सामाईक सिंचनाच्या शेतांत, पाण्याची पाळी सगळे मिळून ठरवायचे, पाटकरी ती सांभाळायचा. कॉलनीत मंदिर, गेट, सीसीटीव्ही सामाईक, बोअर मात्र ज्याचा त्याचा. खालचं पाणी बरंचसं सामाईक असताना हा हिशेब चुकीचा आहे. मे महिन्यात सोसायटीची सभा घ्या, प्रत्येक बोअरची पाणीपातळी मोजून वहीत लिहा आणि गच्चीचे पाइप मिरगाआधी वळवून घ्या.