नवतप्यातील झुरळे

सूर्याने रोहिणी नक्षत्रात प्रवेश केला म्हणजे मेच्या अखेरीस रायपुरात नवतपा लागतो, पारा 44-45 अंशांवर मुक्काम ठोकतो, आणि तात्यापाऱ्यातल्या एखाद्या जुन्या मराठी घरातली गृहिणी रात्री पाणी प्यायला उठून दिवा लावते, तो ओट्यावरून चार-दोन झुरळे सरसर पसार होतात. ज्या उष्म्याने माणसाचा जीव कासावीस होतो, त्याने या प्राण्याचे काहीच कसे बिघडत नाही, असा प्रश्न तिला पडल्यास नवल नाही.

उत्तर अवघ्या पाच-सात अंशांत दडले आहे. मानेवरच्या ढालीवर दोन काळ्या रेघा वागवणाऱ्या लहान तपकिरी झुरळाला, ज्याला शास्त्रज्ञ जर्मन झुरळ म्हणतात, 30 अंशांच्या आसपासची हवा विशेष मानवते आणि 50 च्या पुढे त्याचा फार वेळ टिकाव लागत नाही. परंतु वेधशाळेचा आकडा बाहेरच्या हवेचा असून ओट्यामागच्या भेगेत पोहोचेतो तो बराच उतरतो, आणि उरलीसुरली कसर आपला कूलर भरून काढतो. अन्नपाणी दोन्ही तोडल्यास हे झुरळ साधारण दोन आठवड्यांत मरते, नुसते पाणी मिळाले तरी महिनाभर तग धरते. म्हणजे कूलरची टाकी ही त्याच्यासाठी सदावर्तच. शिवाय 2024 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने त्याचे मूळ दक्षिण आशियातच दाखविले असल्यामुळे, आपला उन्हाळा त्याला परका नाही.

तथापि उष्णता एकवटता आली तर इलाज अमोघ आहे. अमेरिकेतील कॅन्सस प्रांतात जॉर्ज डीन या कीटकशास्त्रज्ञाने 1911 च्या सुमारास पिठाच्या गिरण्या बंद करून तापविण्याचा जो उपाय मांडला, त्याच तत्त्वावर आज परदेशांत इमारती यंत्रांनी तापवून कित्येक तास 50 अंशांच्या वर ठेवतात. घरी शेगड्या पेटवून तसे करू पाहणे म्हणजे आग आणि विषारी वायू यांना आमंत्रण होय. त्यापेक्षा रिकामे डबे व लाकडी फळ्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दुपारभर गच्चीवर ठेवाव्यात, फटींत उकळते पाणी ओतावे. मात्र मोरीचा नळ प्लॅस्टिकचा असेल तर ते त्यात ओतू नये, कारण नळच मऊ पडून वाकतो.

थंडीचा प्रयोग रशियन शेतकऱ्यांनी पूर्वी मोठ्या प्रमाणावर केला: कडाक्याच्या हिवाळ्यात दारे-खिडक्या सताड उघडून ते शेजाऱ्यांकडे राहायला जात आणि घर गोठवून घेत. रायपूरच्या पौषात किमान तापमान 10-12 अंशांच्या घरात असते, तेवढ्याने झुरळ मरत नाही, केवळ मंदावते आणि फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरच्या उबेला, गोळा होते. त्यांच्या बंदोबस्ताला हीच घटका सोयीची: फ्रिज बंद करून पहाटे पुढे ओढावा आणि सुस्तावलेली मंडळी साबणाच्या पाण्यात झाडून टाकावी. पुस्तके वा लहान वस्तू पिशवीत बंद करून फ्रिजच्या उणे 18 अंशांच्या बर्फाच्या खणात तीन-चार दिवस ठेवल्यास आतली अंडीही मरतात. पिशवी मात्र वस्तू खोलीच्या उबेला आल्यावरच उघडावी, नाहीतर पानांवर दव साचते.