दुर्मीळ की दमदार?

इटलीतील मारानेल्लोच्या कारखान्यात १९६२ ते १९६४ या काळात फेरारीने ‘२५० जीटीओ’ ही शर्यतीची मोटार बनवली. गाड्या अवघ्या ३६. इंजिन तीन लिटरचे, बारा सिलिंडरचे, सुमारे ३०० अश्वशक्तीचे. २०१८ साली कॅलिफोर्नियातील लिलावात त्यांपैकी एक ४ कोटी ८४ लाख डॉलरना विकली गेली. आज शोरूममध्ये मिळणारी एखादी विजेवरची मोटारही सिग्नल सुटताच तिला सहज मागे टाकेल. मग किंमत कशाची? दुर्मीळपणाची, असे उत्तर चटकन सुचते.

पण १९७०च्या आसपास याच गाड्या काही हजार डॉलरना हात बदलत होत्या. तेव्हाही त्या ३६च होत्या! शर्यतीत त्या मागे पडल्या होत्या आणि जुन्या शर्यतीच्या गाडीला कोणी विचारत नव्हते. संख्या तीच, किंमत मात्र आकाशाला भिडली. तेव्हा नुसत्या संख्येने हे कोडे सुटत नाही.

नुसती टंचाई काय करते, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. आकुर्डीत १९७२पासून बनू लागलेली बजाज चेतक वेगासाठी प्रसिद्ध नव्हती. परवान्यांमुळे उत्पादनावर मर्यादा होती, म्हणून नंबर लावून लोक वर्षानुवर्षे थांबत. घाई असेल तर वर ‘ऑन’ मोजत. उत्पादन वाढले, १९९१नंतर परवाना पद्धत सैल झाली आणि तो ‘ऑन’ही गेला. रांगेने दिलेले मोल रांगेबरोबर संपले.

याउलट राजदूत ३५०. यामाहाच्या आरडी ३५०वर बेतलेली ही मोटारसायकल १९८३ साली भारतात आली. दोन सिलिंडर, सुमारे ३० अश्वशक्ती. त्या काळच्या बुलेटहून कितीतरी अधिक. पण ‘ॲव्हरेज किती देते?’ या आपल्या पहिल्याच प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हते. ती फारशी खपली नाही आणि नव्वदच्या सुमारास बंद झाली. आज तिचे शौकीन तिचा एकेक सुटा भाग शोधत हिंडतात.

या तिन्ही उदाहरणांतून एक क्रम दिसतो. कामगिरी आधी येते. ती गाडीला आठवण देते, कथा देते. पुढे वेग शिळा होतो, कथा होत नाही. ती कथा अनेकांना हवी असते आणि गाड्या थोड्या उरलेल्या असतात, तेव्हा दुर्मीळपणा भाव ठरवतो. म्हणजे कामगिरी मोल निर्माण करते, दुर्मीळपणा ते फक्त वाढवतो. शून्याला कितीनेही गुणले तरी शून्यच.

म्हणून आज कारखान्यातूनच क्रमांक कोरून येणाऱ्या ‘लिमिटेड एडिशन’ गाड्यांकडे जरा सावधपणे पाहावे. जीटीओ थोड्या बनल्या, कारण त्या जिंकण्यासाठी बनल्या होत्या. या गाड्या थोड्या बनतात, त्या थोड्या असाव्यात म्हणूनच. त्यांतल्या कोणत्या गाडीची गोष्ट पन्नास वर्षांनी कोणी सांगेल, हे पाटीवरचा क्रमांक ठरवणार नाही, रस्ता ठरवेल.