लोणारच्या चिखलातली वीज

बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर जून 2020 मध्ये गुलाबी झाले आणि देशभर गाजले. त्याच वर्षी मोहालीच्या ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेतल्या संशोधकांनी या सरोवराच्या गाळातून वीज देणारे जिवाणू वाढवल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. मला विचाराल, तर रंगापेक्षा हे नवल मोठे.

अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात पडलेले हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. ते उन्हाने उडते, सोडा मागे उरतो. दल्ला, खुप्पल, पापडी अशा नावांनी तो पूर्वी इथून गोळा होई. पाण्याचा सामू दहाच्या आसपास आणि तळच्या गाळात प्राणवायू नाही. तरीही तिथे जीव नांदतात. कसे? उत्तरासाठी आधी इलेक्ट्रॉनांची देवघेव समजून घेऊ.

60 ग्रॅम अ‍ॅसेटिक आम्ल पूर्ण जळाले, तर सुमारे 870 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ज्वलनात त्याच्या प्रत्येक रेणूतून आठ इलेक्ट्रॉन प्राणवायूकडे जातात. ही देवघेव जागच्या जागी झाली, की ऊर्जा उष्णतेच्या रूपाने विखुरते. देणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे ठेवून मध्ये तार जोडली, तर तेच इलेक्ट्रॉन तारेतून वाहतात. विद्युतघटाची सगळी युक्ती एवढीच. रसायनज्ञ डॅनिएलने 1836 मध्ये जस्त आणि तांबे घेऊन ती साधली. त्याचा घट 1.1 व्होल्टचा. गंमत म्हणजे उदासीन पाण्यात अ‍ॅसिटेट (अ‍ॅसेटिक आम्लाचे क्षाररूप) आणि प्राणवायू यांच्या घटाचे सैद्धान्तिक व्होल्टेजही जवळपास तेवढेच भरते.

लोणारच्या गाळातून इलेक्ट्रोडवर वाढलेल्या थरात जिओअल्कलीबॅक्टर या प्रजातीचे जिवाणू प्रामुख्याने होते. या प्रजातीतली पहिली जात 2006 मध्ये सायबेरियातल्या तुवा भागातील एका सोडा-सरोवरातून नोंदली गेली. प्राणवायू नसलेल्या जागी ती आपले इलेक्ट्रॉन लोहाच्या खनिजाला देते. खनिजाच्या जागी इलेक्ट्रोड ठेवला, की असे जिवाणू त्याच्यावर थर करून बसतात आणि इलेक्ट्रॉन त्याला देतात. मोहालीच्या प्रयोगात अ‍ॅसिटेट खाऊन, 9.5 सामूच्या खाऱ्या पाण्यात, त्यांनी दर चौरस सेंटीमीटरला सुमारे अर्धा मिलिअँपिअर प्रवाह दिला.

एवढ्यावर गावात दिवे लागणार नाहीत, तशी स्वप्ने कुणी विकू नयेत. उपयोग व्हायचा तो खाऱ्या, अल्कधर्मी सांडपाण्याच्या शुद्धीकरणात. तिथे साधे जिवाणू तग धरत नाहीत. आणि हो, लोणारला गेलात तर प्रयोगासाठी म्हणून डबाभर चिखल उचलू नका. सरोवर वन्यजीव अभयारण्यात आहे.